‘काय म्हणाली गे ती?’

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वाचनालयाची वर्गणी गोळा करण्यासाठी आम्ही संध्याकाळच्या वेळी गल्लीतून फिरत होतो. एका घरी सोप्यावर सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि इंग्रजी माध्यमात नववीला असलेली त्यांची नात पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून बसल्या होत्या. बाहेर पाऊस, आत मोबाईलमधून परक्या भाषेतले संवाद. “या गुरुजी, बसा. एवढं संपू दे,” असे म्हणून आजींनी आम्हांला पाट सरकवला आणि पुन्हा नजर पडद्याकडे वळवली. वर्गणीचे पुस्तक मांडीवर ठेवून आम्हीही बसलो.

मालिका होती ‘रिप्लाय १९८८’. सोल शहरातील एका गल्लीत राहणाऱ्या पाच कुटुंबांची ही कथा कोरियन दूरचित्रवाणीवर २०१५-१६ मध्ये दाखवली गेली. खाली इंग्रजी अक्षरे उमटत होती. आजींना इंग्रजी येत नाही. दर दोन वाक्यांनी त्या विचारीत, “काय म्हणाली गे ती?” आणि नात मराठीतून सांगत होती. प्रसंग असा होता की, मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी थोरल्या बहिणीच्या वाढदिवसाबरोबर एकाच केकवर उरकला जातो आणि एके दिवशी तिचा बांध फुटतो. पुढे बाप गल्लीत तिच्याशेजारी बसून बोलतो. नात म्हणाली, “बाबा तिला सॉरी बोलतात.” आजी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, “सॉरी काय बोलतात? बाप लेकीची समजूत काढतोय म्हण.”

“समजूत काढणे म्हणजे?” नातीने विचारले. आजींनी मालिका थांबवायला लावली. लहानपणी नात रुसून माळ्यावर जाऊन बसली होती, तेव्हा आजोबांनी काय केले होते ते सांगितले. “ती समजूत.” मुलगी हसली. मालिका पुन्हा सुरू झाली.

आम्ही खाली मान घालून बसलो होतो. कारण फेब्रुवारीतच, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात आम्ही व्यासपीठावरून या ‘कोरियन खुळा’चा खरपूस समाचार घेतला होता. परक्यांच्या मालिका बघून आमची पोरे मराठी विसरणार, असे आम्ही ठासून सांगितले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या. आणि इथे आमच्या डोळ्यांदेखत एका कोरियन मालिकेच्या निमित्ताने एका मुलीला मराठीचा एक शब्द त्याच्या अर्थासह, घरच्या आठवणीसह मिळाला होता. तीस वर्षांच्या शिकवण्यात आमच्या फळ्यावरून असा किती जणांना मिळाला असेल?

त्या दिवसापासून आम्ही या मालिका स्वतः पाहू लागलो. आमच्या मुलाने मोबाईलवर लावून दिल्या. जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा प्रपंच.

भात खाल्लास का?

मराठी माणसाला या मालिका इतक्या लवकर का रुचतात, याचे उत्तर भाषेतच सापडते. कोरियन भाषेत क्रियापदाचे शेपूट ऐकणाऱ्याच्या मानाप्रमाणे बदलते. बरोबरीच्याशी बोलण्याची सलगीची भाषा, तिला ‘बान्माल’ म्हणतात. वडीलधाऱ्यांशी व अनोळखी माणसांशी बोलण्याची आदराची भाषा, ती ‘जोन्देमाल’. आपल्याकडे ‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’ यांत जो फरक आहे, तसाच हा प्रकार, पण त्याहून अधिक काटेकोर. दोन तरुण माणसे अनेक भाग एकमेकांशी आदराने बोलतात आणि एका रात्री एकजण विचारतो की, आता आपण सलगीने बोलू या का? तिथे कोरियन प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकतो. इंग्रजीत सगळेच ‘यू’. खालच्या अक्षरांत हा प्रसंग वाहून जातो. पण ज्याच्या घरात ‘अहो’चे ‘अरे’ होताना पिढी गेली, त्याला तो न सांगता कळतो.

नात्यांचेही तसेच. मुलगी थोरल्या भावाला ‘ओप्पा’ म्हणते, मुलगा थोरल्या भावाला ‘ह्यंग’ म्हणतो; थोरल्या बहिणीला मुलगा ‘नूना’, तर मुलगी ‘ऑन्नी’. रक्ताचे नाते नसले तरी हीच संबोधने चालतात, जशी आपल्याकडे कोणीही दादा, अक्का, मामा होतो. शेजारणी एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत. अमक्याची आई, तमक्याची आई असेच म्हणतात. ‘रिप्लाय १९८८’मध्ये त्या आया गल्लीतल्या लाकडी बाकावर भाजी निवडीत बोलत बसतात आणि जेवणाच्या वेळी या घरची वाटी त्या घरी जाते. तिकडे भेटल्यावर ‘भात खाल्लास का?’ असे विचारण्याची पद्धत आहे. खानापूर भागातल्या भातखाऊ गावांना याची फोड करून सांगायला नको.

साहेबाचा दादा

भाषांतरात काय हरवते, याचे एक बोलके उदाहरण द्यावेसे वाटते. सप्टेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘स्क्विड गेम’ जगभर गाजली. कर्जाने पिचलेली माणसे पैशांसाठी जिवावरचे खेळ खेळतात, अशी ती कथा. मालिका अतिशय हिंसक आहे. मुलांना दाखवण्यासारखी नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. तीत अली नावाचा एक पाकिस्तानी मजूर आहे. हे काम अनुपम त्रिपाठी या भारतीय नटाने केले असून, त्याने अभिनयाचे शिक्षण कोरियातच घेतले.

हा अली संग-वू नावाच्या शिकलेल्या माणसाला आधी ‘साजांगनिम’ म्हणतो. परदेशी मजुराच्या तोंडी हा शब्द म्हणजे मालक, साहेब. संग-वू त्याला सांगतो की, साहेब नको, ‘ह्यंग’ म्हण. म्हणजे दादा म्हण. अलीचा चेहरा उजळतो. परमुलखात त्याला एक थोरला भाऊ मिळाला! आणि पुढे गोट्यांच्या खेळात हाच दादा त्याचा विश्वासघात करतो. अली त्याला हाका मारीत राहतो, त्या ‘ह्यंग’ म्हणूनच.

इंग्रजी अक्षरांत या नात्याच्या शब्दाऐवजी नुसते त्याचे नाव येते. साहेबाचा दादा झाला आणि दादाने गळा कापला, ही सगळी शोकांतिका एका शब्दात होती. तो शब्दच गळून पडला. आमच्या मुलाने अक्षरे वाचून आम्हांला प्रसंग सांगितला, तेव्हा तो त्याला विशेष वाटला नव्हता. ‘ह्यंग’ म्हणजे दादा, हे कळल्यावर त्यानेच तो भाग पुन्हा लावला.

त्याच २०२१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने वीसहून अधिक कोरियन शब्द एकदम दाखल करून घेतले. ‘ओप्पा’, ‘नूना’ आणि ‘ऑन्नी’ही त्यांत आहेत. ज्या शब्दांना इंग्रजीत जागा नव्हती, त्यांना शेवटी इंग्रजीनेच जागा करून दिली.

सीमेवरचा दुभाष्या

आम्हां सीमेवरच्या लोकांना सर्वांत जवळची वाटली ती २०१९-२० ची ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत उद्योजिका हवाई छत्रीने उडताना वादळात सापडून उत्तर कोरियाच्या हद्दीत पडते आणि तिथला एक लष्करी अधिकारी तिला लपवून ठेवतो. भाषा एकच, पण सत्तर वर्षांच्या ताटातुटीने शब्द वेगळे, हेल वेगळा. तिचे काही शब्द तिथल्या सैनिकांना कळत नाहीत. त्यांच्यातला एक तरुण सैनिक मात्र दक्षिणेच्या मालिका चोरून पाहणारा. तोच दुभाष्या होतो!

हा विनोद मानून हसू नये. उत्तर कोरियात दक्षिणेच्या मालिका बाळगणे व पाहणे हा गंभीर गुन्हा आहे. २०२० च्या डिसेंबरात त्यासाठी कडक कायदा झाला. जानेवारी २०२३ मध्ये तर ‘प्योंगयांग सांस्कृतिक भाषे’च्या संरक्षणाच्या नावाने आणखी एक कायदा करून दक्षिणेच्या धाटणीने बोलण्यावरच बंदी घातली गेली. सख्खा भाऊ नसलेल्या तरुणाला मुलीने ‘ओप्पा’ म्हणणेही त्यात बसते. नात्याच्या एका हाकेला सत्ता एवढी का घाबरते? कारण चोरून ऐकलेल्या गोष्टीतून माणसाच्या जिभेवर बसलेला शब्द पुन्हा हुकमाने पुसता येत नाही.

शब्दांचा साठा

या भाषेने सोसलेही पुष्कळ आहे. सेजोंग राजाने १४४३ मध्ये २८ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. चिनी लिपी सामान्य रयतेच्या आवाक्याबाहेरची होती, हे त्यामागचे कारण. दरबारातल्या विद्वानांनी तिला विरोध केला. ही सगळी खटपट २०११ च्या ‘ट्री विथ डीप रूट्स’ या मालिकेत रहस्यकथेच्या अंगाने रंगवली आहे. आज त्या लिपीचा दिवस दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला पाळतात. १९९१ मध्ये या दिवसाची सार्वजनिक सुट्टी काढून घेतली होती, ती २०१३ पासून परत मिळाली.

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानचे राज्य होते. १९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक झाली आणि बघता बघता वर्गातून नाहीशी झाली. १९४० पासून माणसांना जपानी धर्तीची नावे घ्यायला लावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन मोठी कोरियन वृत्तपत्रे बंद पाडण्यात आली. अशा काळात काही शिक्षक व अभ्यासक कोरियन शब्दकोशासाठी गावोगावचे शब्द गोळा करीत होते. १९४२ मध्ये त्यांची धरपकड झाली. दोघे तुरुंगात मरण पावले. जप्त केलेले हस्तलिखित १९४५ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्यानंतर, सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. कोशाचा पहिला खंड १९४७ मध्ये आणि शेवटचा १९५७ मध्ये निघाला. या हकिकतीवर २०१९ मध्ये ‘मालमोई’ नावाचा चित्रपट निघाला. तो पाहताना मास्तर म्हणून आमचा ऊर भरून आला.

त्याच काळात जपानमध्ये जाऊन राहिलेल्या कोरियन कुटुंबाची कथा २०२२ च्या ‘पाचिंको’ मालिकेत आहे. तीत खालच्या अक्षरांना रंग दिले आहेत: कोरियन बोलणे पिवळे, जपानी बोलणे निळे. आजी पिवळ्यात बोलते, नातू निळ्यात उत्तर देतो आणि कधी एकाच वाक्यात दोन्ही रंग येतात. आम्ही मनाशी म्हटले, आमच्या गावातल्या एखाद्या घराची अशी मालिका काढली, तर मराठी, कानडी, हिंदी आणि इंग्रजी मिळून एका वाक्याला किती रंग लागतील! आणि त्यात पिवळा रंग कोणाकोणाच्या तोंडी उरेल?

लाल शाईचा हिशेब

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर एक १६ भागांची मालिका आली. इंग्रजी नाव ‘व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स’. कथा जेजू बेटावरची. नायिकेची आई समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणारी, मुलीला कवयित्री व्हायचे असते. या मालिकेचे मूळ नाव प्रमाण कोरियनमध्ये नाही, जेजूच्या बोलीत आहे. तिथे त्याचा अर्थ ‘फार कष्ट घेतलेत हो’ असा कृतज्ञतेचा. मुख्य भूमीवरच्या माणसाने ऐकले, तर त्याला वाटावे की, कोणी पुरते फसले आहे! युनेस्कोने २०१० मध्ये ज्या बोलीला अतिशय धोक्यात असलेल्यांत गणले, त्या बोलीतले नाव एवढ्या मोठ्या मालिकेच्या कपाळावर अभिमानाने लावले गेले. २०२२ च्या ‘अवर ब्लूज’मध्ये तर जेजूतले संवाद खुद्द कोरियन प्रेक्षकांना कळावेत म्हणून खाली प्रमाण कोरियन अक्षरे दिली होती. बोली बदलली नाही, अक्षरे दिली.

हे वाचताना आम्हांला आमची लाल शाई आठवली. आमच्या भागातले मूल ‘काय करतो आहेस’ म्हणत नाही, ‘काय करूलालास’ म्हणते. घरी, शेतात, गाडीत हेच बोलतात. निबंधात कोणी ‘बाबा शेतात काम करूलालेत’ असे लिहिले की, आम्ही त्याखाली लाल रेघ ओढली. वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. मुले हसली, आम्हीही हसलो. प्रमाण मराठी शिकवणे हे आमचे कर्तव्य होते आणि आहे. त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण घरची भाषा म्हणजे चूक, हेही आम्ही त्याच रेघेने शिकवले. ज्याची घरची मराठी चुकीची ठरली, त्याने पुढे मराठीच सोडली आणि हिंदी-इंग्रजीत आसरा घेतला, तर दोष एकट्या मोबाईलचा कसा?

संख्येचा प्रश्न नव्हे

वाचनालयाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “त्यांचं राष्ट्र आहे, पैसा आहे. आपलं काय?” म्हणणे खोटे नाही. १९९९ मध्ये दक्षिण कोरियाने सांस्कृतिक उद्योगांना उत्तेजन देणारा कायदा केला. २००२ ची ‘विंटर सोनाटा’ पुढच्याच वर्षी जपानच्या दूरचित्रवाणीवर गेली आणि तिथल्या बायकांनी डोक्यावर घेतली. २००६ साली आपल्या दूरदर्शननेही कोरियन मालिका हिंदीतून दाखवल्या. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने कोरियन निर्मितीसाठी चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर घालण्याचे जाहीर केले. एवढे बळ आपल्यामागे नाही.

पण संख्या पाहा. दक्षिण आणि उत्तर कोरियाची लोकसंख्या मिळून सुमारे पावणेआठ कोटी भरते. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे माणसे कमी आहेत, ही सबब चालणार नाही. त्यांनी आपल्या गल्लीतली, आपल्या आईबापांची, आपल्या बेटावरची गोष्ट आपल्याच भाषेत जीव ओतून सांगितली. जगाला ऐकायची असेल, तर त्याने खालची अक्षरे वाचावीत. जग वाचू लागले. आपल्या देशाच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचे नाव आले आहे.

दुसरे एक सभासद म्हणाले, “पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात, त्याचं काय?” हेही खरेच आहे. एक भाग तासाहून मोठा आणि संपतो तो नेमका अडकवून. परीक्षेच्या दिवसांत घरात धाक हवाच. गोऱ्या, नितळ चेहऱ्यांचे वेड मुलामुलींना लागते, तेही चांगले नाही. पण बंदी घालून काही साधत नाही, हे वर उत्तर कोरियाच्या उदाहरणात आलेच आहे.

तासभर वाद झाला आणि एक साधा ठराव झाला. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयात मुलांनी आठवड्यात पाहिलेल्या मालिकेचा एक भाग मोठ्यांना मराठीतून सांगायचा. पडदा नाही, मोबाईल नाही, फक्त सांगणे. मोठ्यांनी मध्ये विचारायचे आणि अडलेला शब्द पुरवायचा. ज्या कोरियन शब्दाला मराठी शब्द सापडेल, तो एका वहीत लिहायचा. प्रमाण की बोली, ही अट नाही.

पहिल्या शनिवारी सात मुले आणि अकरा मोठी माणसे आली. त्या आजी काठी टेकत आल्या होत्या. पाच आठवडे झाले. वहीत त्रेचाळीस शब्द झाले आहेत. ‘समजूत काढणे’ पहिल्या पानावर आहे. गेल्या शनिवारी एका सहावीतल्या मुलाने ‘क्रॅश लँडिंग’चा प्रसंग सांगताना म्हटले, “ती छत्रीला लटकून वरनं ओरडूलाल्या, अन् हा खाली बंदूक धरून उभा!” सगळे हसले, पण ते प्रसंगाला. वही त्या दिवशी आमच्याकडे होती. ‘ओरडूलाल्या’ हा शब्द आम्ही जसाच्या तसा उतरून घेतला.

सीमाभागातल्या इतर गावांतील वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. आज रात्री तुमच्या घरातले मूल मोबाईलमध्ये तोंड घालून परक्या भाषेत हसत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, “काय म्हणाली रे ती?” ते सांगेल ते मराठीतच सांगेल. एखादा शब्द त्याला अडेल. तो तुमच्यापाशी आहे.